कादंबरीतला बाप मी नव्हे

माझी कादंबरी वाचून लोक पेटून उठतील अशी माझी पक्की समजूत होती. लोक रडले. राजुऱ्याच्या एका कंपाउंडरने तर खोकल्याचं औषध पाठवलं.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि अश्रूंबद्दल माझं मत चांगलं नव्हतं. त्याला कारण आमचं घर. छप्पन साली आजोबांनी धर्म बदलला, घरातले जुने देव गेले, कोनाड्यात बुद्धाची मूर्ती आली आणि मूर्तीच्या मागे पत्रकांचे गठ्ठे आले. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक. आठवडाभर मुलांना शिकवायचे आणि रविवारी कापडी पिशवी खांद्याला लावून बाजारात पत्रकं वाटायचे. दारूबंदी, हुंडा, अंगात येणं, मुलींचं शिक्षण, अशी विषयवार पत्रकं. घरात गोष्टीचं पुस्तक एकही नव्हतं. मी वाचलेला आयुष्यातला पहिला शब्द 'जाहीर' हा होता. आईने वांग्याची भाजी केली की मी निषेध नोंदवून तीन मागण्या ठेवायची. आई तिन्ही फेटाळून लावायची, पण ऐकून घ्यायची.

अशा घरातल्या मुलीने कादंबरी लिहिली तर ती काय लिहिणार? झाडीपट्टीतल्या एका गावातलं एक कुटुंब. बाप दारू पितो. तो बैल विकतो, मुलीची शाळेची पुस्तकं गहाण टाकतो. आई मोहाची फुलं वेचते आणि खोकते. थोरली मुलगी तेराव्या वर्षी शपथ घेते की बापाशी बोलणार नाही, आणि आठ वर्षं ती पाळते. शेवटी आई ग्रामसभेत उभी राहून अकरा पानं भाषण करते. भाषण करून ती घरी येते तर अंगणात बाप उभा. दारात आई उभी. इथे मी कादंबरी संपवली. तिने त्याला आत घ्यावं की घेऊ नये, याचं उत्तर समाजाने द्यावं, अशी माझी कल्पना होती. ही कल्पना मला फार आधुनिक वाटत होती.

चंद्रपूरच्या एका छापखान्याने पुस्तक छापलं. शेवटच्या पानावर माझा पत्ता दिला होता, तिथे पोस्टकार्डं येऊ लागली. समाजाचं उत्तर आलं असं समजून मी पहिलं कार्ड अंगणात उभ्यानेच वाचलं. ते मोहर्लीच्या एका वनमजुराचं होतं. चौथ्या प्रकरणात परसात वाघ येतो आणि आई त्याला झाडायच्या फड्याने हाकलते, हे त्याला पटलं नव्हतं. 'वाघ असा येत नाही. अस्वल येतं. कृपया अस्वल करावे,' असं त्याने लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात आणखी होतं की पुस्तक बायकोला वाचून दाखवल्यापासून ती त्याला जेवायला वाढत नाही, भांडं समोर ठेवून निघून जाते. त्यावर काही उपाय असल्यास कळवावा.

मग कोरपन्याहून एका कापूसवाल्याचं कार्ड आलं. त्याच्या मुलाला सिमेंटच्या कारखान्यात नोकरी होती आणि त्याने माझ्या कादंबरीतल्या थोरल्या मुलीला मागणी घातली होती. 'मुलगी बापाशी बोलत नाही हे वाचले. हरकत नाही. आमच्याकडे बोलणारे पुष्कळ आहेत.' ते कार्ड आईने पुन्हा पुन्हा वाचून घेतलं आणि दोन दिवस ती माझ्यावर घुश्शात होती. कागदावरच्या पोरीला स्थळ येतं आणि घरातलीला येत नाही, याचा अर्थ लिहिताना मी तिला जास्त गुण दिले, असं तिचं म्हणणं पडलं.

कंपाउंडरने मात्र पत्र लिहिलं नाही. कादंबरीतल्या आईचा खोकला कोरडा आहे असं त्याने ओळखलं आणि बाटलीच बसच्या कंडक्टरजवळ दिली. बाटलीवर 'प्रकरण सहा ते नऊ, दिवसातून तीन वेळा' अशी चिठ्ठी होती. आईने ती पावसाळ्यात घेतली. गुण आला.

आमच्या अभ्यासमंडळातही चर्चा झाली. आम्ही आठ-दहा जण दर शनिवारी जमत असू. कादंबरीने लोकांना रडवलं ही गोष्ट चळवळीच्या दृष्टीने बरी की वाईट, असा विषय होता. रडून माणसाची ताकद जाते, असं एकाने मांडलं. तोच आठव्या प्रकरणाला रडला होता असं दुसऱ्याने उघड केलं. त्याच्याकडे खुलासा मागण्यात आला. डोळ्यात कचरा गेला होता, असा त्याने लेखी खुलासा दिला.

त्या अकरा पानांच्या भाषणाबद्दल मात्र एकाही कार्डात एक अक्षर नव्हतं. मी चौकशी केली. बहुतेकांनी ते ओलांडून पुढे वाचलं होतं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण बाबांचं प्रकरण झालं.

झालं असं की मला बाप एकच माहीत होता. कादंबरीतल्या बापाची दारू मी गावातल्या इतर बापांकडून घेतली, पण तो चालायचा, बसायचा, जेवायचा कसा, हे लिहायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे आमच्याच बाबांचा माल होता. कोपरापर्यंत हात धुऊन जेवायला बसणं. कंदिलाची काच वर्तमानपत्राने पुसून उजेडाला धरून पाहणं. चहा बशीत ओतून आधी दुसऱ्याच्या बशीवर फुंकर घालणं. मला वाटलं, हे कोणाच्या लक्षात येणार? ते सगळ्या वॉर्डाच्या लक्षात आलं.

बाबांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. दरवर्षी ते शाळेच्या मुलांची व्यसनमुक्तीची प्रभातफेरी काढायचे. त्या वर्षी फेरी पानठेल्यासमोर आली तेव्हा ठेल्यावाल्याने हात जोडून फार मायेने विचारलं, "गुरुजी, सुटली काय मंग पुरी?"

बाबा घरी आले, छत्री खुंटीला लावली आणि मी समोर बसलेली असताना आईला म्हणाले, "तुह्या पोरीले सांग, तिनं माही चाळीस वर्साची कमाई बुडवली."

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे थांबले. जे काही असेल ते आईमार्फत. तुह्या पोरीले सांग, मीठ दे. तुह्या पोरीले विचार, घड्याळात किती वाजले. मी घड्याळाखाली बसलेली असे. आठ वर्षं बापाशी न बोलणाऱ्या मुलीवर मी दोनशे पानं लिहिली होती. न बोलणारा बाप तीन महिने समोर बसला तेव्हा कळलं की माझ्या नायिकेपेक्षा मी कच्ची आहे. मी दुसऱ्या आठवड्यातच आईच्या मागे लागले की काहीतरी कर. आई म्हणाली, मी भाजी करून राह्यली.

बाबांनी मात्र केलं. पत्रकं वाटणाऱ्या माणसाची अब्रू गेली तर तो काय करणार? त्याने पत्रक काढलं. गुलाबी कागदावर, वर मोठ्या अक्षरात 'जाहीर खुलासा', आणि खाली मुद्दे. अमुक कादंबरीतला बाप मी नव्हे. मी मद्यपान करीत नाही. मी पत्नीस मारहाण करीत नाही. माझ्याकडे बैल नाही, सबब तो विकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सदर कादंबरी मी वाचलेली नाही व वाचणार नाही. शेवटी साक्षीदार म्हणून आईची सही हवी होती. 'मी घरात कधीही रागावत नाही' हे वाक्य काढल्याशिवाय सही करणार नाही असं आईने सांगितलं. तेव्हा पत्रक साक्षीदाराशिवाय निघालं.

रविवारच्या बाजारात ते वाटलं गेलं, आणि ज्यांनी कादंबरीचं नावही ऐकलं नव्हतं त्यांनी कादंबरी विकत घेतली. स्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडच्या प्रती संपल्या. कोणी न विचारता माणूस बैल नाही म्हणून सांगतो, म्हणजे बैल विकलाच असणार, असं लोक म्हणू लागले. समोर येईल त्याला पत्रक द्यायचं हा बाबांचा नियम होता, म्हणून घरात येताना त्यांनी मलाही एक दिलं. न बोलता.

मे महिन्यात धानोऱ्याकडून पत्र आलं. तिथून पुढे आत जंगलात एक लहान गोंड गाव आहे. तिथला तरुण शिक्षक बाबांचा जुना विद्यार्थी. तेंदूपत्त्याचा हंगाम चालू होता. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारी सावलीत बसून पुडे बांधायचे, असं तिथलं काम. बाया पुडे बांधत असताना हा शिक्षक त्यांना माझी कादंबरी गोंडीत करून सांगत होता. पत्रात त्याने दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, नवव्या प्रकरणाच्या दिवशी बांधलेल्या पुड्यांत पानं कमी भरली म्हणून फडीवर पुडे मोजून घेणाऱ्या मुन्शीने तक्रार केली होती आणि लेखिकेने थोडं कमी दुःखी लिहावं असा निरोप दिला होता. दोन, पुस्तक संपल्यावर गावात दोन तट पडले होते. आईने बापाला आत घ्यावं, हा एक. घेऊ नये, हा दुसरा. गाव बैठक घेणार होतं आणि लेखिकेने हजर राहावं असा गावाचा निरोप होता.

मला एकटीला जंगलात पाठवायला आई तयार नव्हती. तिने बाबांना सांगितलं. बाबा तयार झाले, कारण त्या भागात अजून त्यांचं पत्रक पोचलं नव्हतं. बसमध्ये ते पुढच्या सीटवर बसले आणि मी मागच्या. कंडक्टरला म्हणाले, एक माझं आणि एक त्या मागच्या बाईचं. ती बाई तुमची कोण, असं त्याने विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले की तिच्या आईने तिला सोबत पाठवली आहे.

रात्री शिक्षकाच्या खोलीवर राहिलो. सकाळी ऊन चढायच्या आत मोहाच्या झाडाखाली गाव जमलं. बाया पानं घेऊनच आल्या होत्या. ऐकताना हात चालू ठेवायचे अशी तिथली रीत. मधे गावपाटील बसला होता, सत्तरीचा, पातळ आवाजाचा. तो आमच्याशी मराठीत बोलायचा, गावाशी गोंडीत, आणि मधलं शिक्षक आम्हाला सांगायचा.

मी आधीच उभी राहून स्पष्ट केलं की ही माणसं खरी नाहीत, मी कल्पनेने लिहिली आहेत, सबब बैठकीचा प्रश्नच उद्भवत नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे वाक्य बाबांचं आहे.

पाटलाने शांतपणे ऐकून घेतलं. "ते आमाले ठाऊक आहे बाई," तो म्हणाला. "खरं असतं तर त्या गावच्या लोकाइले बोलावलं असतं. खरं नाई म्हणून तुले बोलावलं."

मग त्याने रीत सांगितली. भांडण घरात आहे तोवर ते घराचं. एकदा गावासमोर आणलं की ते गावाचं, आणि गावासमोर आणलेलं भांडण उघडं सोडून जाता येत नाही. मी ते आणलं, वाढलं, आणि दारात उभं करून निघून गेले. पाहुण्याला अर्ध्या जेवणावरून कोणी उठवतं का? माझ्याकडे आधुनिक कादंबरीच्या शेवटाबद्दल बरंच बोलण्यासारखं होतं. ते त्या झाडाखाली मला आठवेना.

भांडणात असतील त्यांनी समोरासमोर बसायचं. ते नसतील तर त्यांच्या जागी कोणीतरी बसायचं. आईच्या जागी एक म्हातारी कोणी न सांगता जाऊन बसली. ती न घेण्याच्या बाजूची होती. थोरल्या मुलीच्या जागी मला बसवलं. बापाची जागा रिकामी राहिली. गावातला एक पुरुष उठेना. आज तिथे बसला तर उद्या घरी बायको ते खरं धरेल, अशी भीती होती.

बाबांनी ही संधी साधली आणि पत्रकं वाटायला सुरुवात केली. पाटलाने एक शिक्षकाला दिलं आणि मोठ्याने गोंडीत सांगायला लावलं. गावाने सगळे मुद्दे लक्ष देऊन ऐकले. बैलाच्या मुद्द्याला बाया हसल्या. वाचून झाल्यावर पाटलाने पत्रक परत घेतलं आणि त्याची नीट घडी घातली. मग बाबांना म्हणाला, "गुरुजी, तुमी तो नाई हे तुमी छापून देलं. आमच्यातल्या कोणाजवळ असा कागद नाई. तुमीच बसा."

बाबांनी उभ्या आयुष्यात तर्कापुढे हार मानली नव्हती, कारण तर्क नेहमी त्यांच्याच बाजूने असायचा. ते थोडा वेळ स्वतःच्याच पत्रकाकडे पाहत राहिले. मग चप्पल काढली आणि माझ्यासमोर येऊन बसले. माझ्याकडे पाहिलं नाही.

म्हातारी तयारच होती. पोरीची पुस्तकं विकून दारू काऊन प्याला, असं तिने पहिल्याच फटक्यात विचारलं. बाबा म्हणाले की आपल्याला काही माहीत नाही, आपण पुस्तक वाचलेलं नाही, कागदावर तसं लिहिलं आहे. म्हातारी म्हणाली, माणूस विकतो आणि मग माहीत नाही म्हणतो, सगळ्यांचं हेच असतं. आजूबाजूच्या बायांनी माना हलवल्या.

बाबांना खोटा आरोप सहन होत नाही. दुसऱ्यावरचासुद्धा. "विकली नाई," ते म्हणाले. "गहाण ठेवली. पान अठ्ठ्याऐंशी."

शिक्षक सांगायचा थांबला. बाबांच्याही लक्षात आलं, पण तोवर म्हातारीने पुढचा प्रश्न टाकला होता आणि त्यालाही उत्तर देणं भाग होतं. मग बाबा थांबलेच नाहीत. बैल विकला तो दारूसाठी नव्हे, आधी ठेकेदाराने मजुरी बुडवली होती, ते पान एकशेबारावर आहे. त्या दिवशी तो माणूस ठेकेदाराच्या दारात दुपारपर्यंत उभा होता आणि घरी कोणाला बोलला नाही. हे लिहिणाऱ्या बाईने अर्ध्या ओळीत उरकलं आणि पुढे अकरा पानं भाषण दिलं. दारूचा दोष आहेच, तो सोडायचा नाही, पण अर्धी ओळ? ते मला नव्हे, म्हातारीला विचारत होते. म्हातारीने शिक्षकाकडून ते दोनदा समजून घेतलं आणि म्हणाली की हे आधी सांगितलं असतं तर आम्ही इतकं बोललो नसतो.

मी तिथे पानांच्या ढिगाशेजारी बसून होते आणि मला समजलं की माझी कादंबरी सगळ्यात नीट वाचली ती ज्याने 'वाचणार नाही' असं छापलं त्याने. कधी वाचली असेल? शाळेत, मधल्या सुट्टीत, हजेरीपटाखाली धरून, असं नंतर कळलं. दोनदा.

शेवटी पाटलाने निवाडा म्हातारीवर सोडला. तिने विचार करून सांगितलं की धान कापेपर्यंत त्याने ओसरीवर झोपावं. मग पाहू. दोन्ही तट खूश झाले. माझा खुला शेवट एका वाक्यात बंद झाला.

आता मिटल्याची रीत उरली. भांडलेल्या दोघांनी पानाच्या एकाच द्रोणातून मोहाची दारू प्यायची, एकमेकांना नात्याने हाक मारायची आणि एक वाक्य बोलायचं. बोलल्याशिवाय मिटलं असं होत नाही. द्रोण आला आणि बाबा उठून उभे राहिले. पण त्यांच्याआधी म्हातारी भडकली. ज्या दारूपायी ती आई इतके दिवस रडली तीच त्याला आता पाजता? पाटील ओशाळला. गावात अशी अडचण कधी आली नव्हती. थोडी कुजबुज झाली आणि कोणाच्या तरी घरून आंबील आली.

म्हातारी प्याली, बाबा प्याले, दोघं एकेक वाक्य बोलले. मग पाटलाने द्रोण माझ्याकडे दिला. बापाशी न बोलणारी मुलगी बाकी होती. मी अर्धा प्याले आणि पुढे केला. बाबांनी तो घेतला. तीन महिन्यांत त्यांनी माझ्या हातून थेट घेतलेली ती पहिली वस्तू. त्यांनी आंबील संपवली, मिशी पुसली, आणि नुसते बसून राहिले. इथे आई नव्हती की जिला सांगता येईल. सगळ्या बायांचे हात थांबले. त्या दिवशीचेही पुडे कमी भरले असणार.

"माय," बाबा मला म्हणाले, "तो माणूस वाईट नव्हता. तू त्याले बोलूच देलं नाई."

मला एक वाक्य बोलायचं होतं आणि मला भाषण येत होतं, वाक्य येत नव्हतं. मी म्हणाले, "बाबा, मग आता तुम्ही बोला." आणि मी रडले. डोळ्यात काही गेलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये बाबा माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. गडचिरोलीला बस बदलली तेव्हा आम्ही तिसऱ्या प्रकरणावर होतो. वैनगंगेचा पूल ओलांडताना वाघाचं अस्वल करायचं ठरलं. भाषण दोन पानांवर आण म्हणाले. मी सात म्हटलं. सावलीच्या स्टँडपर्यंत त्यावरून आमची चांगलीच जुंपली, मला हजार गोष्टी सुचत होत्या आणि ते एकही मान्य करत नव्हते. बस ऐकत होती. शेवटी मागच्या सीटवरचा एक फेटेवाला पुढे वाकला आणि बाबांच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "भाऊ, जाऊ द्या. लेकीच्या जातीवर एवढं रागावू नये."

"रागावत नाई भाऊ," बाबा म्हणाले. "माही पोरगी लिहिते. मी वाचून राह्यलो." आणि त्याला पान नंबर विचारायची सवड न देता ते पुन्हा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, तीन पानं, त्यापेक्षा एक ओळ जास्त नाही.